बाहेर बघणारा डोळा

जानेवारीत या खोऱ्यात धुकं असं उतरतं
की कबरस्तानाच्या फाटकातून आत आल्यावर
माणसं आधी ऐकू येतात, मग दिसतात.
कात्रीची टकटक. कुणाचा खोकला.
थर्मनच्या थर्मासचं झाकण.

गुलाबाला तेव्हा पान नसतं.
काट्यांचा सांगाडा
आणि गळ्यात जस्ताची पट्टी.

पट्टीवरचं नाव गुलाबाचं नाही.
सोन्याच्या मागे धावत आलेल्यांनी
बटाट्यात खोचून आणलेल्या काड्या या,
खरी नावं वाटेतच कुठे सांडली.
म्हणून ज्या कबरीशी सापडला तिचंच नाव त्याला:
'कप्तानाची विधवा', फिकट गुलाबी, भारी काटेरी.
'अल्माइरा, वय चार', पांढरा.
'नळाजवळचा', कारण तिथला दगड
कुणालाच वाचता येईना.

लिओनिल्डा नव्यांना शिकवते:
"डोळा शोध. बाहेर बघणारा.
त्याच्या वर अर्धं बोट सोड,
तुझं नाही, माझं बोट, आणि तिरका काप.
आत बघणाऱ्या डोळ्यावर कापलंस
तर फांदी स्वतःतच गुंतून मरते."
मग पातं स्पिरिटनं पुसून
पुढच्या कबरीकडे निघते
गुडघ्यांना पोर्तुगीजमधून शिव्या देत.

वर्षातून एकदा नगरपालिकेचा माणूस येतो, टेप घेऊन.
कठड्याबाहेर वीतभरही फांदी नको, म्हणतो,
आमच्याकडे न बघता,
झुडपांनाच सांगितल्यासारखं.

त्या एप्रिलात अल्माइरा लाल फुलली.
गडद लाल, जरा जांभळट, वासाचा पत्ता नाही.
हारुए ओकाडांनी चष्मा पुसला, परत पाहिलं,
खाली बसून हातानं माती उकरली.
सांधा केव्हाच कुजला होता.
एकसष्ट साली कुणी तिचा डोळा गावठीवर भरलेला,
वहीत तशी नोंद आहे.
वरची पांढरी गेली. मागच्या वर्षी फुललीच नाही
तेव्हा आम्ही म्हणालो, दुष्काळ.
आणि खालचा तो खुंट,
ज्याचे फुटवे दर वर्षी आम्हीच मुळाशी तोडत आलो,
उभा होता, अंगभर फुलून,
चार वर्षांच्या मुलीच्या उशाशी.

नियम सरळ आहे: उपटायचा.
लिओनिल्डानं फावडं आणलं.
थर्मन म्हणाला, "एकतीस वर्षं
बसच्या पोटाखाली उताणा पडून काम केलं मी,"
आणि पुढे काही बोललाच नाही.
कुणी विचारलंही नाही.

तेवढ्यात हारुए हळूच म्हणाल्या,
"पांढरी माझ्याकडे आहे."
अठ्ठ्याण्णव साली, फाटक लावायच्या वेळी,
छत्रीत लपवून नेलेली एक काडी.
आत्ता परसात, तांदळाच्या जुन्या डब्यात.
'काडी तोडू नये' ही फाटकावरची पाटी
त्यांच्याच वळणदार अक्षरातली.
आम्ही सगळे पाटीकडे बघत राहिलो,
मग लिओनिल्डा एवढी हसली
की फावड्याला धरून उभी राहिली.

लाल काढायला चौघं लागलो.
एक मूळ दगडाखाली शिरलेलं, थेट आत,
तिच्याकडे. ते ओढायला
कुणाचाच हात पुढे होईना.
फावड्यानं तोडलं आणि माती लोटली.

परत जानेवारी. परत धुकं.
डब्यातून आलेली पांढरी अजून करंगळीएवढी,
तिला कापायचं काही नाही,
नुसती पट्टी नीट केली.
शेजारी, दगडाच्या कडेनं,
तांबूस, बोटभर उंचीचा एक फुटवा.
मी पाहिला. थर्मननं पाहिला,
आणि थर्मासचं झाकण उगाचच पिळत बसला.

लिओनिल्डा कात्री घेऊन तिथे वाकली होती बराच वेळ.
धुक्यात तिला काही दिसलं नाही,
असं ती म्हणते.